उशाखालची कातर

"आई, ही काढ ना इथून. टोचतेय."

"कापसाची उशी, तिच्याखाली चादर, चादरीखाली कातर. टोचेल कशी?" आई म्हणाली आणि कातर होती तिथेच आणखी आत सरकवली. "सव्वा महिना उशाशी लोखंड असू दे. बाहेरचं काही जवळ येत नाही."

पाचवीची पूजा होऊन आठवडा झाला होता. इतर घरांत बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवतात. आमचं शिंप्याचं घर, कऱ्हाडातलं, त्यामुळे आमच्याकडे मान अण्णांच्या कातरीचा. अण्णा, माझे वडील, जाऊन चार वर्षं झाली होती. दहा इंची, काळ्या मुठीची, अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झालेली ती कातर आईने देवासारखी जपली होती. तिने कागद कापायचा नाही, तिला कुणी ओलांडायचं नाही. मी पहिलं परकराचं कापड त्याच कातरीने बेतलं होतं, अकरा वर्षांची असताना. तिची भीती मला वाटावी असं काहीच नव्हतं.

पण टोचते हे मी खोटं सांगितलं होतं.

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी दुपारी आई पुढच्या खोलीत मशीनवर होती. लग्नसराई, ब्लाउजांचा ढीग पडलेला. आत मी आणि बाळ, माझी लेक. तिच्या दुपट्याचा एक दोरा सुटला होता, तो तिच्या बोटाला गुंडाळेल म्हणून मी उशाखालची कातर काढली आणि दोरा कापला. बाळ झोपलं होतं. गळ्यापाशी दुधाचा ओघळ सुकलेला. आणि एकदम माझ्या डोळ्यांसमोर आलं की हीच कातर, हाच माझा हात, आणि तोच गळा. इतकं स्वच्छ दिसलं की झालंच असं वाटलं. मी कातर फेकली. ती फरशीवर आपटली, बाळ दचकून रडायला लागलं, आणि मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. मला तिला उचलायचं होतं आणि उचलायची छाती होत नव्हती.

"काय पडलं गं?" बाहेरून आई.

"कातर. हातातून सुटली."

"अण्णांची? टोक बघ आधी!"

टोक शाबूत होतं. माझीच गाळण उडाली होती.

एकदा आलं ते गेलं असतं तर मी विसरले असते. ते परत आलं. पाजताना आलं, तिची टाळू बघताना आलं, आई कांदा चिरत असली तर स्वयंपाकघराच्या दारातच आलं. मी देवाचं नाव घ्यायची, स्वतःच्या मांडीला चिमटे काढायची. जितकं हाकलावं तितकं ते बस्तान मांडायचं. तीन दिवसांत मी असं ठरवलं की बाळाला आपण हातच लावायचा नाही. आई तिला उशीवर ठेवून माझ्यापुढे आणायची, आणि मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, हातांवर बसून पाजायची.

"असं कुणी पाजतं का?" आई म्हणायची. "हात धर की तिच्याखाली."

"हात दुखतात."

कातर मी तांदळाच्या डब्यात लपवली. आईला ती दोन दिवसांनी भाताला तांदूळ काढताना सापडली आणि तिने परत उशाखाली ठेवली. मग मी ती देव्हाऱ्याच्या मागे सरकवली. तीही सापडली. तिसऱ्यांदा माळ्यावरच्या ट्रंकेत टाकली, ओली बाळंतीण असून स्टुलावर चढून. त्या संध्याकाळी आई दारात उभी राहून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"शैले, तुला लोखंड सोसत नाही का गं?"

खरं तर हो म्हणाले असते तर सोपं गेलं असतं.

आईचा हिशेब सरळ होता. लोखंडाला कोण भितं? बाहेरचं भितं. मुलगी पोरीला शिवत नाही, कातर दूर टाकते, दिवसा दचकते, तर तिच्यात दुसरंच कुणीतरी येऊन बसलंय. आणि बाहेरचं घालवायला काय लागतं? आणखी लोखंड. दुसऱ्या दिवशी पलंगाच्या चारी पायांना खिळे ठोकले गेले. गादीखाली विळा आला. दाराच्या चौकटीला जुना अडकित्ता टांगला. बिचारी मायेनेच करत होती. माझ्याभोवती तिने ज्याची मला भीती त्याचाच पहारा बसवला. मान वळवावी तिकडे पातं दिसायचं.

आता कुणी विचारेल, सांगितलं का नाहीस? काय सांगायचं होतं? आई, मला तुझी नात मारावीशी... नाही, वाटत नव्हतं. तेच तर. वाटत नव्हतं आणि दिसत होतं. हे कुठल्या तोंडाने बोलायचं? माझा नवरा पुण्याला कंपनीत, त्याचं आठवड्याला पत्र यायचं, 'छकुली कशी आहे?' त्याला लिहायचं काय? कळलं असतं तर लेकीला माझ्यापासून तोडलं असतं. ही एक भीती. दुसरी तिच्याहून वाईट होती. ती म्हणजे, ते बरोबरच केलं असतं, असं मला वाटायचं.

सहावा आठवडा लागला तेव्हा आईने नदीपलीकडच्या गावच्या एका देवरुष्याला निरोप धाडला. उत्तर आलं, शनिवारी घेऊन या. तोवर बाळ बाळंतिणीजवळ निजवू नका. आणि शनिवारी जे निघेल त्यावर ठरवू, बाळाला काही महिने बापाच्या घरी ठेवायचं का.

"म्हणजे फलटणला? सासूबाईंकडे?" मी विचारलं.

"तुझ्या बऱ्यासाठीच. पोरीच्याही." आईचे डोळे भरले होते. "मला काय हौस आहे का शैला?"

त्या क्षणी मला हायसं वाटलं. बाळ दूर जाईल, सुरक्षित राहील. आणि हायसं वाटलं याचीच मला जास्त भीती वाटली. जिला आपलं मूल दूर गेल्याचं बरं वाटतं, ती बाई कोण असते?

ते मंगळवारी झालं. बुधवारी सकाळी तानूमावशी नेहमीसारखी बाळाला न्हाऊ घालायला आली.

तानूमावशी मला जन्मल्यावर न्हाऊ घालणारी. हाडाची काटक, तोंडाची फटकळ, आणि हात मात्र लोण्यासारखे. ती पाय पसरून पाटावर बसली, बाळाला पायांवर पालथं घातलं, तेल लावायला लागली. मी दाराच्या चौकटीत उभी. आई पुढे गिऱ्हाइकाचं माप घेत होती.

"हिकडं ये," मावशी म्हणाली. "बस हितं."

बसले, हात मांड्यांखाली.

"आता म्हैना झाला, मी बघतेय. तू पोरीला हात लावत न्हाईस."

"हात दुखतात."

"ते तुज्या आईला सांग. माज्याकडं बघू नगंस, पोरीकडं बघ आन सांग. काय दिसतं तुला?"

काय *होतंय* असं नाही विचारलं तिने. काय *दिसतं*. मला रडू फुटलं. मी बाळाच्या पाठीकडे बघत, शब्द गिळत गिळत, सगळं सांगितलं. कातर, गळा, सगळं. मला वाटलं आता ती बाळ उचलून ओरडत पुढे पळेल. तिचे हात एकदाही थांबले नाहीत. खांदे चोळले, कंबर चोळली, तांब्याभर कोमट पाणी ओतलं.

"आजून कुणाला बोललीस?"

"कुणालाच नाही."

"आईला नगं सांगूस. तिला झेपायचं न्हाई." तिने बाळाला उताणं केलं. "मी जलमभर पोरं न्हाणली. अशा चार बघितल्या. तिघींनी तोंड उघडलं नव्हतं, माजंच मला कळलं. चौथीनं सांगितलं. रंगारगल्लीतली सून. तिला तिच्या नवऱ्यानं एका डाक्टरकडं नेली, भांड्याच्या दुकानावर बसतो त्यो. आज तिची पोरगी शाळंत जाते."

"कसला डॉक्टर?"

"डोस्क्याचा."

"वेड्यांचा?"

"मी काय शिकले का? मला एवढंच म्हाईत, ती रडत गेली आन चार म्हैन्यानं मला हळदीकुंकवाला बोलावलं तिनं."

"आणि बाकीच्या तिघी?"

मावशीने बाळाच्या नाकाच्या दोन्ही बाजूंनी अंगठे फिरवले. "एक हिरीवर गेली," ती म्हणाली. "उद्या गुरवार. पोरीला डोस पाजायचा म्हून मी तुमाला दोघींना घिऊन जाते. आईला बिलाउज टाकून येता येनार न्हाई."

दवाखान्यात डोस पाजला, तेही खरंच. तिथून मावशी मला चौकातल्या गल्लीत घेऊन गेली. खाली पितळी भांडी चमकत होती, शेजारी अरुंद जिना. जिन्यावर पाटी: डॉ. अ. भ. मगदूम, मानसोपचारतज्ज्ञ. मी पाचव्या पायरीवर थांबले आणि पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"मावशी, ते मला ठेवून घेतील. शॉक देतील. मी बोलले की लिहून घेतील आणि पोलिसांना देतील."

"दिलं तर दिलं," मावशी म्हणाली. तिच्या खांद्यावर बाळ झोपलं होतं. "शनिवारी त्यो देवरुशी काय देनार हाय ते तर म्हाईतच हाय की. चढ."

वर साखळ्या असतील, आरडाओरडा असेल असं मी धरून चालले होते. वर माठ होता, फिरता पंखा होता आणि तीन माणसं बसली होती. एक म्हातारे वर्तमानपत्र वाचत होते, एक कॉलेजची मुलगी वहीत काहीतरी लिहीत होती, आणि एक बाई विणत होती. मीच त्यांच्यात वेडी दिसत असणार.

डॉक्टर पन्नाशीचे, अंगाने बारीक, सदऱ्याच्या खिशाला शाईचा डाग. टेबलावर पत्रं फोडायचं पितळी पातं पडलं होतं. मी आत शिरल्या शिरल्या ते पाहिलं आणि खुर्चीत बसताच हात मांड्यांखाली घेतले. मावशीला त्यांनी बाळाला घेऊन बाहेर बसायला सांगितलं.

"बोला," ते म्हणाले.

"तुम्हाला मनातलं कळतं ना?"

"छे. कळलं असतं तर खाली भांडी विकली नसती का, गिऱ्हाइकाला काय हवं ते ओळखून?" ते हसले नाहीत, पण आवाज सैल होता. "मला विचारावं लागतं. विचारायचं, ऐकायचं, आजार कुठला ते ओळखायचं, आणि गोळी लागत असेल तर द्यायची. माझं काम एवढंच. इथं बोललेलं तुम्ही सांगितल्याशिवाय मी जिना उतरू देत नाही. फक्त कुणाच्या जिवाला खरा धोका असेल तर घरच्यांना बोलवावं लागतं, आणि तेही तुम्हाला सांगूनच."

खरा धोका हे शब्द ऐकून मी उठायच्या बेतात होते. पण मावशीजवळ एकदा तोंड उघडलं होतं, दुसऱ्यांदा ते जरा कमी जड गेलं. मी सांगितलं. ते लिहीत होते. मग त्यांनी प्रश्न विचारले, अगदी कोरडे, रेशनकार्डावर नावं घालताना विचारतात तसे. झोप येते का? बाळ झोपल्यावर तरी येते का? जेवण जातं का? स्वतःचा जीव नकोसा होतो का? मी खरं सांगितलं की एकदा मनात आलं होतं, मीच नसले तर ती वाचेल. त्यांनी मान हलवली, लिहिलं.

"कुणाचा आवाज ऐकू येतो? कर म्हणून कुणी सांगतं?"

"नाही."

"ते केलं तर बाळाचं भलं होईल, असं कधी वाटतं?"

"नाही!"

"करावंसं वाटतं?"

"नाही हो, नाही!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की बाहेर बाळ रडलं.

"मग तो विचार आला की तुम्ही काय करता?"

"कातर लपवते. तिला हात लावत नाही. हातांवर बसते."

"आत्ता बसलाय तसं?"

मी खाली पाहिलं. माझी बोटं बधिर झाली होती.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "शैलाताई, नीट ऐका. आवाज आले असते, किंवा हे करणंच बरोबर असं तुम्हाला वाटलं असतं, तर मी आज तुम्हाला दाखल करून घेतलं असतं आणि बाळाला आजीजवळ ठेवलं असतं. तोही आजारच, तोही बरा होतो. तुमचा तो नाही. तुम्हाला नको असलेला विचार येतो, तुम्ही भिता, भिता म्हणून तो पुन्हा येतो. बाळंतपणानंतर कितीतरी बायकांना येतो, सांगत कुणी नाही. ज्याच्या मनात वाईट असतं तो महिनाभर स्वतःच्या हातांवर बसून राहत नाही."

मी रडले. किती वेळ ते आठवत नाही. त्यांनी गप्प केलं नाही.

"गोळी देतो. पाजत असताना चालेल अशी देतो. लगेच काही होणार नाही, तीन-चार आठवडे लागतील. तोवर विचार येतील. येऊ द्या. कातर लपवायची नाही आणि बाळ टाळायचं नाही. जीव नकोसा वाटला तर वार बघायचा नाही, थेट यायचं." मग त्यांनी पितळी पात्याकडे बोट दाखवलं. "आल्यापासून तुम्ही हे बघताय. मी ते उचलणार नाही. पुढच्या गुरुवारी याल तेव्हाही ते इथंच असेल."

मग त्यांनी मावशीला आत बोलावलं आणि म्हणाले, "बाळ त्यांच्याकडे द्या."

मावशीने दिलं. मी हात काढले. त्यांना मुंग्या येत होत्या, आणि समोर पातं होतं. ते दिसलं, तेच सगळं, लख्ख. पण बाळाचं वजन माझ्या हातांवर पडलं. महिन्याभरात केवढी जड झाली होती, मला माहीतच नव्हतं.

एवढ्याने गोष्ट संपायला हवी होती. पण शनिवार आला. आईने पिशवीत नारळ, लिंबं, काळं कापड भरलं, रिक्षा सांगितली, आणि बाळाची दुपटी वेगळ्या पिशवीत घातली. फलटणची पिशवी. गोळीचे दोन दिवस झाले होते, फरक शून्य.

मी आत गेले. उशाखालून कातर काढली. बाळाला उचललं आणि पुढच्या खोलीत आईच्या बेतायच्या टेबलावर, कापडांच्या मध्ये ठेवलं.

"शैले!" आईच्या हातातलं लिंबू पडलं.

"पांढरं मलमल कुठंय? हिला झबलं नाही शिवलं अजून कुणी."

"कातर ठेव खाली."

"का? लोखंड सोसत नाही म्हणालीस ना मला? बघ, सोसतंय." माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटत होता. घामाने मूठ निसटत होती. बाळ वितीभर अंतरावर पाय झाडत होतं. ते दिसत होतं, एकदा नाही, दहादा. मी मलमल पसरलं, खडूने गळ्याची गोलाई काढली आणि कापायला लागले. अण्णांची कातर कापडात शिरताना करकर आवाज करते, तो आवाज मोजत कापत राहिले. गोलाई वेडीवाकडी आली. आई तोंडावर हात ठेवून बघत होती. गळा कापून झाला, बाह्या झाल्या, आणि मग मी कातर टेबलावरच ठेवली, लपवली नाही, आणि बाळाला छातीशी घेतलं, दोन्ही हातांनी.

बाहेर रिक्षावाला भोंगा वाजवत होता. आईने खिडकीतून हात हलवून त्याला परत पाठवलं.

"गळा मोठा झालाय," ती थोड्या वेळाने म्हणाली, नाक ओढत. "आण इकडे, चुण्या घालते."

पुढे आठ महिने मी गुरुवारी तो जिना चढत होते, आईला वाटायचं डोस पाजायला जाते. मला काय दिसायचं ते आईला कधीच कळलं नाही. ती गेली तेव्हाही मी बोलले नाही. नवऱ्याला सांगितलं, दोन वर्षांनी, आणि तो नुसता हात धरून बसला. लेकीला कधी सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? जिच्याविषयी ते सगळं होतं, तिलाच?

ती लेक म्हणजे केतकी. आता एकतीस वर्षांची, बँकेत अधिकारी, बोलायला माझ्या आईसारखी. गेल्या महिन्यात माझ्याकडे बाळंतपणाला आली, मुलगा झाला. पाचवीला तिच्या सासूबाईंनी फोन करून आठवण केली म्हणून मी उशाखाली अण्णांची कातर ठेवली. विश्वास म्हणून नाही, रीत म्हणून. मला वाटलं, कातर म्हणजे आता नुसती कातर आहे.

परवा दुपारी मी दूध घेऊन तिच्या खोलीत गेले. बाळ पाळण्यात झोपलं होतं, आणि केतकी पलंगाच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही हात मांड्यांखाली.

"आई," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती कातर काढ ना इथून. टोचतेय."

दुधाचा पेला मी खिडकीत ठेवला. एकतीस वर्षांपूर्वी जिन्याच्या पाचव्या पायरीवर थांबले होते, तशीच थांबले. हिला सांगायचं म्हणजे हिच्याविषयीच सांगावं लागणार होतं, हिचा गळा, हिची टाळू, सगळं. न सांगून चालणार नव्हतं.

मी दार लावून घेतलं आणि तिच्याजवळ जाऊन बसले.

"माझ्याकडे बघू नकोस," मी म्हणाले. "बाळाकडे बघ आणि सांग. काय दिसतं तुला? मग मला काय दिसायचं, ते मी तुला सांगते."